खिल्लाऱ्यांच्या काचेवरचं रक्त

सूड घेणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे कुणी चांगलं बोलत नाही. सोडून द्या, विसरून जा, वर देव बघतोय, असं सांगणाऱ्यांचा मान मोठा. मी स्वतः नर्स म्हणून नोकरी केली तेवढी वर्षं दिवसातून दहा वेळा ‘जाऊ द्या हो’ म्हणत आले. पण मला भेटलेला सगळ्यात सरळ माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी एका सूड घेणाऱ्याचंच नाव सांगेन. एकनाथ खिल्लारे. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ते रक्त-लघवी तपासायचे. लोक त्यांना रक्तवाले म्हणत.

मी तिथं रुजू झाले ते ऐंशीच्या आसपास. माझं माहेर पाथरीकडचं, त्यामुळे येलदरीच्या बाजूचा हा मुलूख मला नवा होता. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, पूर्वी सरपण ठेवायच्या खोलीत, खिल्लाऱ्यांचं राज्य. एक टेबल, एक नळ आणि एका डोळ्यानं बघायचं जुनं सूक्ष्मदर्शक. त्या यंत्रावर वाकून वाकून त्यांना अशी खोड लागली होती की माणसाशी बोलतानाही त्यांचा डावा डोळा आपोआप मिटायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा गृहस्थ आपल्याला डोळा मारतोय. मी चांगली फणकारले. त्यांनी शांतपणे दुसराही डोळा मिटून घेतला आणि म्हणाले, “आता बोला सिस्टर. आता तर तक्रार न्हाई ना?”

मे महिन्यातही शर्टाचं वरचं बटण लावलेलं, बोलणं हळू, हसणं जवळजवळ नाहीच. भांडण त्यांनी कधी केलं नाही. कुणी काही लागेल असं बोललं की ते त्याच्याकडे नीट बघून घेत आणि कामाला लागत. नवख्या माणसाला वाटायचं, विसरले.

जीपच्या ड्रायव्हरलाही तसंच वाटलं होतं. तापाच्या साथीत आमची जीप गावोगाव रक्ताचे नमुने घ्यायला जायची. पुढची सीट रिकामी असली तरी ड्रायव्हर खिल्लाऱ्यांना तिथं बसू द्यायचा नाही. “मागं बसा, ही साहेबाची जागा हाय.” खिल्लारे मागं औषधांच्या खोक्यांत बसत. आठ महिन्यांनी त्या ड्रायव्हरच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी शौच तपासून घ्यायला सांगितलं. पहिल्या दिवशी खिल्लारे म्हणाले, नमुना कमी आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, शिळा आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “जीपमधून आणू नका, हिंदकळतो. हातात धरून चालत आणा.” सोमवारच्या भरल्या बाजारातून तो मिशाळ माणूस काचेची बाटली पुढं धरून चालत आला. तेव्हा कुठं त्यांनी तपासणी केली. जंत निघाले, औषध लागू पडलं, माणूस बरा झाला. पुढच्या दौऱ्याला त्यानं स्वतः पुढचं दार उघडून धरलं. खिल्लारे मागंच जाऊन बसले.

“पुढं बसायचंच नव्हतं तर एवढा खटाटोप कशाला केला?” मी विचारलं.

“बसायचं का न्हाई ते मी ठरवणार,” ते म्हणाले.

दुपारी एकच्या ठोक्याला ते खोलीला कुलूप लावून क्वार्टरमध्ये जायचे. दारात साहेब उभे असले तरी थांबायचे नाहीत. एकदा तातडीचा रिपोर्ट हवा होता म्हणून मी त्यांच्या मागोमाग गेले. दार उघडंच होतं. ते जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि समोर बसलेल्या म्हातारीला वरणात कुस्करलेली भाकरी भरवत होते. म्हातारीचे दोन्ही हात मांडीवर पालथे पडलेले. बोटं एकमेकांना चिकटून, आखडून गेलेली. मी नर्स, भाजलेलं अंग मला ओळखू येतं. मी दारातच उभी राहिले.

“या सिस्टर,” ते न वळता म्हणाले. “दोन घास राह्यलेत.”

त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडाभर दलित वस्त्या पेटल्या. त्यांचं गाव पूर्णेच्या काठचं, धरणापासून जवळ. ते तेव्हा शिकायला बाहेर होते आणि दोन दिवसांसाठी घरी आले होते. जमाव आला तेव्हा ते ओढ्याच्या पलीकडे होते. गावचे आबाराव बैलगाडीवर उभे होते. त्यांनी काडी लावली नाही, दगड उचलला नाही. नुसतं बोट दाखवत होते. ‘ह्ये घर. आता त्ये.’ आई बाहेर पडली होती, पण शेळ्या आत बांधलेल्या, म्हणून ती परत आत शिरली. जळत्या दाव्याच्या गाठी तिनं बोटांनी सोडवल्या. दोन शेळ्या सुटल्या. तिसरीची गाठ सुटेना, तरी ती सोडवत बसली, तेव्हा खिल्लाऱ्यांनी ओढा ओलांडून तिला ओढून काढलं.

त्यांनी फिर्यादीत आबारावांचं नाव दिलं होतं. गवाह म्हणून एकही माणूस उभा राहिला नाही. आग अज्ञात लोकांनी लावली, असं कागदावर आलं आणि कागद मिटला.

“मला त्याचा जीव नको,” आईचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत ते म्हणाले. “चावडीवर, गावासमोर त्यानं म्हणावं, घरं मी दाखिवली. एवढंच पाह्यजे. पण ते घेतल्याबिगर मी मरणार न्हाई.”

ऐकून माझ्या अंगाची आग झाली. आबाराव आमच्याच समाजातले, लांबून नात्यातलेही निघतील असे. आमच्या घरीही तेव्हा ‘झालं ते वाईट झालं, पण’ असं म्हणून पुढं बोलणारी माणसं होती. तो ‘पण’ मला त्या दिवसापासून सहन होत नाही. आई चौऱ्याऐंशीत गेली. खिल्लारे तिसऱ्या दिवशी कामावर आले आणि एकच्या ठोक्याला सवयीनं उठून, कुलूप हातात घेऊन, दारात उभे राहिले. कुठं जायचं ते त्यांना आठवेना.

आबारावांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. गावातल्या हरिनाम सप्ताहाचे ते प्रमुख होते. बरोबर मुलगा आणि दोन भजनी. तक्रार अशी की मनगटावर लिंबाएवढी सूज आली, चार दिवसांत गेली, मग बरगडीवर आली, तिथून गेली आणि आता पोटावर. वर अंगभर गांधी उठायच्या, खाजवून खाजवून रक्त निघायचं. आमच्या तरुण डॉक्टरांनी दोन वेळा इंजेक्शनं दिली. तेवढ्यापुरतं बसायचं, पुन्हा उठायचं. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं.

खिल्लारे सुई उकळून तयार होते. आबारावांनी दारातूनच त्यांना ओळखलं आणि हात धोतरात लपवला.

“सप्ता तोंडावर हाय. ह्येचा हात नको मला. बाई, तुमी काढा.”

मी खिल्लाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि बाजूला झाले. मी रक्त काढलं. खरं सांगते, शीर सापडत असताना मी दोनदा सुई चुकवली. आबाराव गेल्यावर खिल्लाऱ्यांनी बाटली उचलून उजेडासमोर धरली.

“हात लावू देईना,” ते म्हणाले, “पण रक्त माझ्याच काचेवर यायलंय.”

काचेच्या पट्टीवर थेंब पसरून, रंग देऊन ते वाकले. रक्तात पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांतल्या काही पेशींमध्ये रंग दिल्यावर केशरी दाणे दिसतात. निरोगी माणसात अशा दाणेदार पेशी शंभरात दोन-चार असायच्या. आबारावांच्या शंभरात चाळीसच्या वर निघाल्या. त्यांनी मला यंत्रातून बघायला लावलं. सगळीकडे केशरी.

“अंगात काहीतरी जित्तं फिरायलंय,” ते म्हणाले. “आणि रक्त त्याच्या मागं लागलंय.”

कच्च्या माशातून पोटात गेलेली आळी अशी अंगभर हिंडते, हे त्यांनी शिकताना ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांसमोर आबारावांना सरळ विचारलं, “मासे खाता का?”

आबाराव ताडकन उठले. गळ्यातली माळ मुठीत धरून ती खिल्लाऱ्यांच्या तोंडासमोर हलवली. “माळकऱ्याला मासे इचारतो? वीस वरसं झाली माळ घालून. जीभ झडंल तुपली.” डॉक्टर ओशाळले. मुलगा खिल्लाऱ्यांच्या अंगावर धावून आला, त्याला भजन्यांनी आवरलं. खिल्लारे डावा डोळा मिटून त्या माळेकडे बघत राहिले.

त्या आठवड्यात ते येलदरीला गेले. धरणावर जाळं टाकणाऱ्या एका म्हाताऱ्या भोयाकडून त्यांनी मरळ घेतली आणि घेता घेता आबारावांचं नाव काढलं. भोई निष्पाप माणूस, त्यानं सगळं सांगून टाकलं.

“दर बुधवारी मरळ नेत्यात की. घरी न्हाई, शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी. मसाला न्हाई, तेल न्हाई. वास सुटंल म्हून. कापसाच्या मूठभर पऱ्हाट्या पेटवायच्या, मासा उलटापालटा करायचा की खायचा. लय धूर झाला तर सालगडी बघायला यील ना.”

मला हे खिल्लाऱ्यांनी सांगितलं तेव्हा मी पदर तोंडात धरून हसले. सगळ्या गावाची मरळ रश्शात रटारटा शिजून निघायची, त्यामुळे कुणाला काही झालं नाही. एकटा देवमाणूस चोरून खायचा म्हणून घाईत खायचा. घाईत खायचा म्हणून वरून काळी आणि आतून कच्ची खायचा. आबारावांना हा रोग माळेनं लावला असं मी आजही म्हणते.

खिल्लारे हसले नाहीत. त्यांनी तपासणीच्या टेबलावर मरळ आडवी केली आणि तिचं मांस चिमट्यानं धाग्यासारखं उकलत बसले. पहिल्या मरळीत काही नव्हतं, दुसरीतही नाही. तिसऱ्या आठवड्याच्या मरळीत बाजरीच्या दाण्याएवढं वेटोळं सापडलं. पाण्यात टाकल्यावर ते उलगडलं. आळी होती, आणि तिच्या डोक्यावर बारीक काट्यांची रांग होती. ती त्यांनी स्पिरिटमध्ये ठेवली. आबारावांच्या रक्तातलं वरचं पाणी त्यांनी आधीच वेगळं काढून लसींच्या फ्रिजमध्ये एका कोपऱ्यात ठेवलं होतं. त्यांना पूर्वी शिकवणाऱ्या एक मॅडम मोठ्या शहरात जंतांवर संशोधन करत होत्या. थर्मासमध्ये बर्फकांडीच्या कारखान्यातला बर्फ भरून, आत ती बाटली घालून, खिल्लारे रजा टाकून एसटीनं स्वतः तिकडे गेले.

परत आल्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं. एवढं ते कधी बोलले नव्हते.

“परकं काही अंगात शिरलं की रक्त त्याच्यावर हत्यार घडवतं. ज्याचं त्याला. ह्या आळीसाठी घडवलेलं दुसऱ्या कशाला लागत न्हाई. प्रतिपिंडं म्हणतात त्यांना. त्यातली एक तऱ्हा लय तापट असती. पहिल्या खेपेला माणसाला काहीच कळत न्हाई. रक्त नुसतं तोंड पाहून ठेवतं आणि हत्यार करून बसतं. वर्ष जाईल, दोन जातील. दुसऱ्या खेपेला तेच तोंड दिसलं की मग सोडत न्हाई. ह्या गांधी, ही सूज, ही खाज, ह्यातलं लयसं आळीनं केलेलं न्हाई. रक्तानं केलंय.”

“म्हणजे स्वतःचंच अंग सुजवून घ्यायचं?” मी म्हटलं.

“हो,” ते म्हणाले. “त्याला इलाज न्हाई.”

मॅडमचं पत्र दीड महिन्यानं आलं. त्या आळीविरुद्धची प्रतिपिंडं आबारावांच्या रक्तात भरपूर सापडली होती. आळी मारायचं खात्रीचं औषध अजून नाही, सापडली तर कापून काढावी, आणि रोग्यानं अर्धाकच्चा मासा पुन्हा तोंडात घालू नये, एखाद्या वेळी गळा सुजून श्वास बंद होईल, असं त्यांनी लिहिलं होतं. ते पत्र खिल्लाऱ्यांनी टेबलाच्या खणात ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. मला ते सापडलं अकराव्या दिवशी.

“अकरा दिवस?” मी ओरडले. “ह्यात एक बुधवार तर गेलाच!”

“दोन गेले,” ते म्हणाले.

“मेला असता तर?”

“तेच बघायलो होतो. सांगितलं न्हाई तर कसं वाटतं ते.” मग खण लावून म्हणाले, “बरं वाटलं सिस्टर. लय बरं वाटलं. म्हून भेव वाटलं.”

त्यांनी त्याच दिवशी निरोप धाडला. आबाराव एकटे आले आणि पहिल्यांदाच त्या खोलीत स्टुलावर बसले. मी दाराशी उभी होते. खिल्लाऱ्यांनी सगळं सांगितलं. मरळ, आखाडा, पऱ्हाट्या, गळा सुजण्याची भीती. आबारावांचा चेहरा पडत गेला.

“बुधवारचं बंद करा, एवढं झालं औषधाचं,” खिल्लारे म्हणाले. “त्याच्या बदल्यात मला काही नको. आता ह्या कागदाचं. तुमी चावडीवर या आणि अठ्ठ्याहत्तरला घरं कुणी दाखिवली ते सांगा. मी हा कागद तुमच्यासमोर फाडतो.”

आबारावांनी गळ्यातली माळ चाचपली. मग हसले. ते हसू मला अजून दिसतं.

“तुपल्या कागदाला कोण इचारतंय रे? गाव मपल्या माळेवर इस्वास ठिवील का तुमच्या लोकायच्या कागदावर?”

“बघू,” खिल्लारे म्हणाले.

पुढचे काही महिने आबारावांनी मासा सोडला असावा, कारण सूज कमी झाली. सूज कमी झाली तशी भीतीही गेली. एका बुधवारी दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून त्यांना आणलं. डोळे सुजून बंद, ओठ टरारून फुगलेले, छातीतून शिटीसारखा आवाज. डॉक्टर परभणीला मीटिंगला गेलेले. सालगड्यानंच त्यांना आखाड्यावर पडलेलं पाहिलं होतं. व्हरांड्यात मुलगा आणि अर्धा गाव. मी अ‍ॅड्रिनलिनची कुपी फोडून सिरिंज भरली तेवढ्यात खिल्लारे आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

“सिस्टर, थांबा.”

मी थांबले. नोकरीत मी बऱ्याच गोष्टींची लाज बाळगली, पण ह्याची बाळगत नाही. ते आबारावांच्या कानाशी वाकले. “घरं कुणी दाखिवली?” आबारावांनी तोंड उघडलं. आतून नुसती शिटी आली. जीभ हलेना. मला दिसत होतं की ते सांगायला तयार होते, त्या घडीला त्यांनी काहीही सांगितलं असतं. पण आवाज फुटायला जागाच उरली नव्हती.

“खिल्लारे, जायलाय तो,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातून सिरिंज घेतली. ज्या हाताचा विटाळ आबारावांना नको होता त्याच हातानं त्यांचा दंड घट्ट धरला आणि सुई घातली. मग उशाशी बसून, नाडी धरून, श्वास मोकळा होईपर्यंत उठले नाहीत. “हा मेला तर विचारू कोणाला?” एवढंच म्हणाले.

आबाराव वाचले. संध्याकाळी खिल्लारे व्हरांड्यात आले आणि त्यांनी मॅडमचं पत्र गावासमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. रोग्याचं गुपित असं फोडायचं नसतं, हे मला शिकवलेलं होतं आणि त्यांनाही. मी त्यांना अडवलं नाही. मुलगा ‘खोटं हाय’ म्हणून ओरडला, तेव्हा सालगडी खाली बघत म्हणाला, “काटे मी उचललेत मालक. किती तरी सालं उचलायलोय.” एक भजनी हसला. मग सगळेच हसायला लागले.

पुढचा आठवडा खिल्लाऱ्यांच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा असेल, असं मला वाटलं होतं. गावानं बैठक घेतली. आबारावांच्या गळ्यातली माळ काढली, सप्ताहाचं प्रमुखपण काढलं, पंगतीतलं पान बंद केलं. ही बातमी घेऊन मी पळतच त्या खोलीत गेले. खिल्लाऱ्यांनी ऐकलं आणि हातातली काचेची पट्टी भिंतीवर फेकून मारली. त्यांना तसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“मासा!” ते ओरडले. “मासा खाल्ला म्हून! मपल्या आईचे हात जळाले त्या साली सप्त्याची पंगत ह्याच माणसानं वाढली होती सिस्टर. गाव त्याच्या पाया पडलं होतं. तवा न्हाई कुणी माळ काढली. एका माशासाठी काढली!”

मी खाली बसून काचा गोळा केल्या. मलाही त्या गावाचा असा संताप आला की आबाराव त्यातल्या त्यात बरे वाटले.

त्यानंतर एक वर्ष गेलं. मग दर रविवारी एसटीनं गावी जायला लागले. आबारावांच्या ओट्यासमोर उभं राहायचं, एकदा विचारायचं, ‘घरं कुणी दाखिवली?’ उत्तर मिळायचं नाही. मग परत यायचं. कुणी दगड मारला, कुणी कुत्रं सोडलं, तरी रविवार चुकला नाही. मधल्या काळात ती आळी आबारावांच्या पाठीच्या कण्यात शिरली असावी, असं डॉक्टर म्हणाले. कमरेखालचा जोर गेला. मुलगा वेगळा राहू लागला. शेवटी शेवटी तर त्या ओट्यासमोर येणारा माणूस एकच उरला होता.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. तालुक्याला निळे झेंडे लागले, दवाखान्यात पेढे वाटले गेले. मी खिल्लाऱ्यांसाठी पेढा घेऊन गेले तर ते काचेच्या पट्ट्या धूत होते.

“सिस्टर, रविवारी येता का? ह्या खेपेला गवाह पाह्यजे.”

आम्ही सकाळच्या एसटीनं उतरलो. आबाराव ओट्यावर घोंगडीवर पडलेले, दाढी वाढलेली, डोळे मात्र जागे. खिल्लाऱ्यांनी तोच प्रश्न विचारला. आबारावांनी माझ्याकडे पाहिलं, मग गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं.

“मी दाखिवली,” ते म्हणाले.

एवढ्या वर्षांनी ऐकलेलं ते वाक्य. मला वाटलं, खिल्लारे खाली बसतील, रडतील. ते तसेच उभे राहिले. “हितं नको,” ते म्हणाले. “चावडीवर.”

“पाय हायत का मला?” आबाराव खेकसले. मग त्यांचा आवाज खाली आला आणि त्यात जुनं विष उतरलं. “नेतोस तर ने. मला सांगायचंच हाय. ज्येंनी मपल्या गळ्यातली माळ तोडली ना, काड्या त्येंच्याच हातात व्हत्या. मी बोट दाखिवलं, लावल्या त्येंनी. मासा काढत्यात मपला! येकायेकाचं नाव सांगतो.”

पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. त्यांनाही सूडच घ्यायचा होता, गावावर. खिल्लाऱ्यांना ते कळलं, मला दिसलं. त्यांनी क्षणभर आबारावांकडे नीट बघून घेतलं, मग पाठ करून ओट्याला टेकून वाकले.

“बसा.”

आबारावांनी दोन्ही हात त्यांच्या गळ्याभोवती टाकले. खिल्लारे उठले आणि त्या माणसाला पाठुंगळी घेऊन भर गल्लीतून चालायला लागले. चाळिशी गाठलेली, दम लागत होता, पण थांबले नाहीत. बायका दारात आल्या. मी मागून चालले होते. चावडीसमोर उन्हाला दहा-पंधरा म्हातारी माणसं बसली होती. खिल्लाऱ्यांनी आबारावांना दगडी कट्ट्यावर ठेवलं, त्यांच्या धोतराचा सोगा नीट केला आणि बाजूला उभे राहिले.

“अठ्ठ्याहत्तरला,” आबाराव मोठ्यानं म्हणाले, “म्हारवाड्यातली घरं मी दाखिवली. गाडीवर उभं राहून दाखिवली. एकनाथच्या मायीचं घर मीच दाखिवलं. आता काड्या कुणी लावल्या त्ये सांगतो. ऐका.”

मी पर्समधून कागद आणि पेन काढलं. आबारावांनी पहिलं नाव घेतलं. दुसरं घ्यायच्या आत कट्ट्याच्या कडेचा एक फेटेवाला धोतर झटकत उठला आणि गल्लीला लागला. मग त्याच्या शेजारचा उठला, मग पलीकडचे दोघं.

खिल्लाऱ्यांचा डावा डोळा मिटला होता. घाम पुसायला हात वर गेला होता, तो तसाच राहिला.

“सिस्टर,” ते म्हणाले, “उठून जायलेत त्यांचीबी नावं लिहा.”